परीक्षेचा हंगाम आणि पेढीचा हंगाम

मकरसंक्रांत उलटली, की व्यापारी घरांतील दिनदर्शिका झपाट्याने भरू लागते. मामेबहिणीचे लग्न, त्याआधी मायरा, मग दूरच्या नात्यातील दोन स्वागतसमारंभ. इकडे दुकानात लग्नसराईची गर्दी आणि तिच्या पाठोपाठ मार्चअखेरची आवराआवर. नेमक्या याच आठ-दहा आठवड्यांत त्या घरातील एखादे मूल दहावीच्या अथवा बारावीच्या परीक्षेला बसलेले असते. 2025 साली राज्य मंडळाची बारावीची परीक्षा 11 फेब्रुवारीला आणि दहावीची 21 फेब्रुवारीला सुरू झाली. म्हणजे घरातील सर्वांत गजबजलेला काळ आणि मुलाला सर्वांत अधिक शांतता हवी असलेला काळ, हे दोन्ही एकाच छपराखाली एकत्र येतात.

परीक्षेच्या तयारीविषयी जे लिहिले-बोलले जाते, ते बहुधा विद्यार्थ्याला उद्देशून असते: वेळापत्रक कर, पहाटे ऊठ, मोबाइल बाजूला ठेव. पेढीच्या घरात मात्र वेळ एकट्या विद्यार्थ्याच्या हाती नसतो. "बेटा, जरा दहा मिनिटे गल्ल्यावर बस, मी बँकेत जाऊन आलो," असे वडील म्हणतात आणि त्या दहा मिनिटांचे दोन तास होतात. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. पिढ्यान्‌पिढ्या मुले दुकानात अशीच घडली, आणि गिऱ्हाइकाशी बोलणे, तोंडी हिशेब करणे, माणूस ओळखणे ही शाळेबाहेरची विद्या त्यांना तिथेच मिळाली. परंतु परीक्षेच्या वर्षी या सवयीची किंमत कोणीतरी मोजतो, आणि तो बहुधा गप्प बसणारा असतो. म्हणून तयारीचा पहिला कागद मुलाने एकट्याने लिहिण्यापेक्षा घराने मिळून लिहिणे अधिक शहाणपणाचे ठरते.

त्यासाठी दिवसही आयता उपलब्ध आहे. कार्तिक शुद्ध पंचमीला श्वेतांबर परंपरेत ज्ञानपंचमी असते. ग्रंथांचे पूजन होते, मुले वह्या-पुस्तके पाटावर मांडतात. तीच व्यापाऱ्यांची लाभपंचमी. दिवाळीनंतर अनेक पेढ्या त्या दिवशी पुन्हा उघडतात. 2024 साली ती 6 नोव्हेंबरला आली. तेथपासून बारावीच्या पहिल्या पेपरापर्यंत 97 दिवस होते. ऐकायला हा आकडा भरघोस वाटतो. त्यातून कनिष्ठ महाविद्यालयाची पूर्वपरीक्षा, तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे दिवस, नात्यातील टाळता न येणारी दोन लग्ने, एखादे आजारपण आणि शेवटचा उजळणीचा पंधरवडा वजा केला, की नवे काही समजून घेण्यासाठी जेमतेम पन्नास-साठ दिवस उरतात. ही वजाबाकी ज्ञानपंचमीच्या संध्याकाळी आई-वडील, आजी-आजोबा आणि मूल यांनी एकत्र बसून केली, तर पुढचे निम्मे वाद मिटतात. कोणत्या लग्नाला मूल येणार, कोणत्याला केवळ जेवणापुरते, आणि कोणत्याला मुळीच नाही, हे तेव्हाच ठरते. ज्यांच्याकडे जायचे नाही, त्यांना वडीलधाऱ्यांनी आधीच फोन करावा. ऐनवेळी आलेल्या मामींच्या रुसव्याला सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने तोंड द्यावे, हे काही बरोबर नाही.

यानंतरचे काम व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही: शिल्लक मालाची मोजणी. कोठारात काय आहे हे पाहिल्याशिवाय कोणताही दुकानदार नवी खरेदी करत नाही. मुले मात्र पहिल्या धड्यापासून सरळ वाचत सुटतात, आणि चांगल्या येणाऱ्या धड्यांवरच सर्वाधिक वेळ घालवतात, कारण तिथे मनाला बरे वाटते. प्रत्येक विषयाचे सर्व धडे एका कागदावर मांडावेत आणि त्यांपुढे येते, अर्धवट येते, येत नाही, यांपैकी एक शेरा लिहावा. अट एवढीच, की शेरा आठवणीवर विसंबून देऊ नये. पुस्तक मिटावे, कोरा कागद घ्यावा आणि त्या धड्यातील एक प्रश्न सोडवून पाहावा. जो माल कपाटात आहे असे वाटत होते, तो प्रत्यक्ष हात घातल्यावर सापडत नाही, हा अनुभव दुकानात जसा येतो तसाच येथेही येतो. 'अर्धवट येते' या रकान्याकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे. अगदी न येणाऱ्या धड्याला आठवडा लागतो. अर्धवट येणारा धडा दोन बैठकींत पूर्ण होतो आणि गुण दोहोंचे सारखेच असतात.

वाचलेले टिकत का नाही, हा प्रश्न जुना आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून त्याचे मोजमाप केले आणि 1885 साली ते प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करून, ठरावीक काळाने ते पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे त्याने तपासले. तासाभरातच निम्म्याहून अधिक बचत नाहीशी झाली होती. एक दिवसानंतर सुमारे एक-तृतीयांश उरली. मात्र त्यानंतरची घसरण बरीच संथ होती. अर्थपूर्ण धडा निरर्थक अक्षरांपेक्षा जास्त टिकतो, हे खरे. तरीही विसरण्याचा पहिला तडाखा पहिल्याच दिवशी बसतो, एवढे त्यातून ध्यानात घ्यावे. आज समजलेल्या धड्याची उजळणी उद्या पंधरा मिनिटे, आठवड्याने दहा मिनिटे आणि महिन्याने पुन्हा एकदा, अशी विखरून केली, तर ती एका रात्रीच्या सलग तीन तासांपेक्षा अधिक फळते.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली, तेव्हा चित्र पालटले: आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 56 टक्के मजकूर आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के. विशेष म्हणजे, पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना आपल्या तयारीविषयी अधिक खात्री वाटत होती. वहीतील ओळी पिवळ्या रंगाने रंगवून 'झाले' म्हणणाऱ्या मुलांचे नेमके असेच होते.

पाठशाळेत गेलेल्या मुलांना हे नवे वाटू नये. प्रतिक्रमणाची सूत्रे ज्यांना मुखोद्गत आहेत, त्यांनी ती केवळ वाचून पाठ केलेली नसतात. गुरुजींसमोर उभे राहून, पुस्तक न पाहता त्यांनी गाथा म्हणून दाखवलेली असते. अडल्यावर एक शब्द मिळतो, पुढे जायचे असते. आणि नवी गाथा घेण्यापूर्वी जुन्या गाथांची आवृत्ती होते. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचणे, शंका विचारणे, मनात घोळवणे, शुद्ध आवृत्ती करणे आणि दुसऱ्याला सांगणे. त्या विवेचनाचा हेतू अर्थातच आत्मशुद्धीचा आहे, बारावीच्या गुणांचा नव्हे. त्याला परीक्षेचे साधन समजणे उथळपणाचे होईल. तथापि शिकण्याच्या पायऱ्यांची ही जाण ज्या परंपरेत आहे, तिच्यातील मुलांनी केवळ पहिल्या पायरीवर थांबावे, याचे नवल वाटते. शिकवणीला जाणाऱ्या मुलांतही शंका विचारणारी मुले थोडीच असतात. आणि धाकट्या बहिणीला समोर बसवून मागणीचा नियम समजावून सांगणे, हा अर्थशास्त्राच्या तयारीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठोर मार्ग होय, ती तिसऱ्याच मिनिटाला विचारते, "पण असे का?"

व्यापारी घरांतील बहुसंख्य मुले वाणिज्य शाखेकडे वळतात आणि तेथे पुस्तपालन व लेखाकर्म हा विषय आपला घरचाच, असा समज करून घेतात. याच विषयात ती अनपेक्षितपणे गुण गमावतात, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे.

पहिला घोटाळा आजोबांच्या वहीपासून सुरू होतो. लाल कापडी बांधणीच्या जुन्या देशी वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे लिहिण्याची रीत होती. पाठ्यपुस्तकातील दुहेरी नोंद पद्धतीच्या खात्यात नावे बाजू डावीकडे असते आणि जमा उजवीकडे. नातू मांडणी करीत असताना दादासा चष्मा सावरून म्हणतात, "उलटे लिहिलेस बेटा." नातू गोंधळतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. हा फरक एकदा शांतपणे समजावून घेतला, तर आजोबांच्या वहीसारखा शिक्षक दुसरा नाही. न समजता घेतला, तर परीक्षेच्या दालनात हात थबकतो.

दुसरा घोटाळा संगणकाचा. पेढीवर टॅलीमध्ये नोंद टाकली, की खतावणी, तेरीज आणि ताळेबंद आपोआप तयार होतात. मूल वर्षभर बीजके भरत असते आणि त्याला वाटते, हिशेब येतात. पण यंत्राने केलेले मधले सगळे टप्पे परीक्षेत हाताने करायचे असतात. अखेरचा शिल्लक माल समायोजनेत दिला असेल, तर तो व्यापार खात्याच्या जमा बाजूला येतो आणि ताळेबंदाच्या संपत्ती बाजूलाही. त्याचे मूल्य खरेदीकिंमत व बाजारभाव यांपैकी जे कमी असेल ते धरायचे. भागीदाराने खाजगी वापरासाठी माल उचलला, तर एक परिणाम मालावर आणि दुसरा त्या भागीदाराच्या खात्यावर. येथे मुले हमखास चुकतात, आणि कारण कौटुंबिकच असते: सणाला दुकानाच्या कपाटातून साडी घरी नेताना तिची नोंद करायची असते, हे बहुतेकांनी पाहिलेलेच नसते! प्रत्येक समायोजनेचे दोन परिणाम, ते दोन्ही दाखवले की तिच्यावर पेन्सिलीने दोन खुणा करायच्या. एकच खूण राहिली, तर ताळेबंद जुळणार नाही, एवढी शिस्त पुष्कळ झाली.

भागीदारीची प्रकरणे या मुलांना परकी नसतात. भागीदाराचा प्रवेश, निवृत्ती, मृत्यू आणि शेवटी संस्थेचे विसर्जन: पुस्तकात ही चार प्रकरणे असतात, घरांत ती आयुष्ये असतात. काकांची पेढी वेगळी झाली ते वर्ष मुलाला आठवत असते. नवा भागीदार आणतो त्या ख्यातीच्या रकमेवर जुन्या भागीदारांचा हक्क त्यांच्या त्यागाच्या प्रमाणात का असतो, हे सूत्र पाठ करण्याऐवजी वडिलांनी एका रविवारी स्वतःच्या पेढीच्या उदाहरणाने सांगितले, तर ते विसरणे अशक्य. ज्या वडिलांना 'आम्हाला कुठे तुमचा अभ्यास येतो' असे वाटते, त्यांनी निदान हा एक धडा तरी आपल्याकडे घ्यावा.

मग वेळेचा हिशेब. तीन तासांत 80 गुणांची उत्तरपत्रिका लिहायची, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे आणि दहा गुणांच्या उदाहरणाला साडेबावीस. 2023 पासून मंडळ पेपराच्या शेवटी दहा मिनिटे वाढवून देते. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी सुरुवातीस मिळणारी दहा मिनिटे त्याऐवजी बंद झाली. ही वाढीव मिनिटे तपासणीसाठी राखून ठेवावीत. पंचवीस मिनिटे होऊनही ताळेबंद जुळत नसेल, तर तो तसाच सोडून पुढे जाण्याचे धैर्य लागते. व्यापाऱ्याच्या मुलाला न जुळलेला हिशेब सोडवत नाही, तो एका फरकामागे अर्धा तास घालवतो आणि मागे वीस गुणांचे प्रश्न कोरे राहतात. वस्तुतः टप्प्यांना गुण असतात. शेवटची बेरीज चुकली म्हणून आधीच्या योग्य नोंदी वाया जात नाहीत. हे कळण्यासाठी जानेवारीत मागील वर्षांच्या निदान पाच प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, सलग तीन तास, हाताने लिहून सोडवल्या पाहिजेत. तीन तास सतत लिहिण्याची सवय आता मुलांच्या बोटांना राहिलेली नाही, ही अगदी साधी अडचण पहिल्या सराव-पेपरातच उघड होते.

दिनक्रमाचा विचार करताना जैन घरांत चौविहार आणि नवकारशीचाही विचार करावा लागतो. फेब्रुवारीच्या मध्यास पुण्याकडे सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो, नागपूरकडे सव्वासहालाच. सहाच्या आत जेवून घेणाऱ्या मुलाने रात्री बारापर्यंत जागायचे ठरवले, तर शेवटचे दोन तास अन्न-पाण्याविना जातात आणि त्यात पाने उलटतात, डोक्यात फारसे शिरत नाही. चौविहार पाळणाऱ्या मुलासाठी उत्तम वेळ म्हणजे साडेसात ते साडेनऊ, मग झोप, आणि पहाटे पाचला पुन्हा बैठक. झोपेत दिवसभराचे शिकलेले मनात बसते. ती कापून मिळवलेला तास सहसा फायद्याचा ठरत नाही. पण पहाटेलाही मर्यादा आहे. सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटे, गेल्यावर नवकारशी. पुण्यात तेव्हा पावणेआठ उलटून जातात. अशक्त मुलाला ते झेपते का, हे आईने पाहावे. काही पेपर दुपारच्या सत्रात असतात आणि सहा वाजून दहा मिनिटांनी सुटतात. केंद्र लांब असेल, तर सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचणे शक्य नसते. अशा दिवशी कोणीतरी डबा घेऊन केंद्राच्या फाटकाशी उभे राहावे, की त्या दिवसांपुरता नियम शिथिल करावा, याचा निर्णय घराने वेळापत्रक हाती येताच घ्यावा. परीक्षेहून थकून आलेल्या मुलाला दारातच त्यावर विचार करायला लावू नये.

मोबाइलविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. तो दुसऱ्या खोलीत असावा. आणि अभ्यासाच्या वेळी वडिलांचाही, कारण मूल भिंतीपलीकडून भावबाजारीच्या चित्रफितींचा आवाज ऐकत असते.

एक विषय मात्र घराघरांत दबक्या आवाजात बोलला जातो. मुलगा परीक्षेला बसला, की त्याच्या खोलीचे दार बंद राहते. मुलगी बसली, की तेच दार दर अर्ध्या तासाला वाजते: पाहुण्यांना पाणी दे, वहिनीला पोळ्यांत मदत कर, संध्याकाळी 'ते लोक' सहज भेटायला येणार आहेत, जरा नीट तयार हो. बारावीच्या दोन महिने आधी स्थळ पाहण्याचा हा 'सहज' कार्यक्रम तिच्या मनातील पुढची सर्व चित्रे पुसून टाकू शकतो. वाणिज्य शाखेत शिकून सनदी लेखापाल व्हायचे तिने ठरवले असेल, तर फाउंडेशनची वाट बारावीतूनच जाते. ती परीक्षा आता वर्षातून तीनदा, जानेवारी, मे-जून आणि सप्टेंबर या सुमारास होते, म्हणजे संधी पुष्कळ आहेत. पण बारावीचा वेळच मिळाला नाही, तर त्या संधींचा उपयोग कोणी करायचा? भेटीगाठी एप्रिलपर्यंत थांबवाव्यात. चांगली माणसे तेवढे थांबतात.

पेपर सुरू झाल्यावर घराचे काम सोपे आणि अवघड असते: विचारू नये. पेपर देऊन आलेल्या मुलाला 'किती सुटला, किती येतील' असे पाच जणांनी पाच वेळा विचारले, की उद्याच्या पेपराच्या तयारीवर कालच्या चुकांची छाया पडते. झालेली प्रश्नपत्रिका कपाटात टाकावी. दोन पेपरांमधील सुटीचा पहिला अर्धा दिवस झोपेत गेला, तरी हरकत नाही.

आणि निकाल. समाजात गुणवंतांचे सत्कार होतात, मासिकांतून छायाचित्रे छापली जातात, किती टक्क्यांच्या वर अर्ज पाठवावा याची सूचना येते. या कौतुकाने अनेक मुलांना बळ मिळाले आहे. परंतु त्याच सभागृहात मागच्या रांगेत बसलेले 61 टक्क्यांचे मूल मान खाली घालून टाळ्या वाजवत असते, आणि शेजारच्या काकू आईला विचारतात, "तुमच्याकडे किती आले?" गेल्या वर्षी 48 टक्के मिळवून या वर्षी 61 वर आलेल्या मुलासाठी व्यासपीठावर एखादे पारितोषिक असायला हवे, कार्यकारिणींनी याचा विचार करावा. एखाद्या विषयात 35 गुणांची मर्यादा गाठता आली नाही, तर निकालानंतर काही आठवड्यांतच मंडळाची पुरवणी परीक्षा होते. गुण अपेक्षेपेक्षा कमी पडले, तर श्रेणीसुधारासाठी पुन्हा बसता येते. या वाटा निकालाच्या दिवशी धावपळ करून शोधण्यापेक्षा परीक्षेपूर्वीच मुलाच्या कानावर घालाव्यात, तेही सहज, जेवताना. घरातील माणसांना त्या ठाऊक आहेत आणि त्यांचे त्यांना भय वाटत नाही, एवढे कळले तरी दालनात बसलेल्या मुलाचा श्वास मोकळा होतो.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत बारावीचे बहुतेक पेपर संपलेले असतात. पेढीवर तेव्हा वर्षअखेरची मोजणी सुरू असते. गाठी उतरवल्या जातात, ताग्यांवर चिठ्ठ्या लागतात. चार महिने गल्ल्यावर न बसलेले मूल त्या दिवशी दुपारी स्वतःहून येते आणि कोपऱ्यातील स्टूल ओढून बसते. दादासा मोजणीची वही त्याच्यापुढे सरकवतात. ते पेन्सिल उचलते आणि क्षणभर थांबून विचारते, "दादासा, हा माल खरेदीकिमतीला धरायचा, की बाजारभावाला?"